चारमिनार, कमान आणि सरकारी शिक्का

३० मे २०२४. तेलंगणाचे माजी मंत्री के. टी. रामाराव कार्यकर्त्यांना घेऊन हैदराबादच्या चारमिनारपाशी पोचले. राज्याच्या सरकारी बोधचिन्हातून चारमिनार आणि काकतीय कमान काढली जाणार, अशी बातमी होती. त्याचा निषेध करायला ही मंडळी जमली होती. तिकडे वारंगळच्या किल्ल्यातही अशीच निदर्शनं झाली. राज्याचा दहावा स्थापना दिन तीन दिवसांवर होता आणि त्याच दिवशी नवं बोधचिन्ह जाहीर करायचं सरकारच्या मनात होतं. पण गदारोळ वाढला आणि सरकारनं ते पुढे ढकललं. २ जूनला राज्यगीत वाजलं. बोधचिन्ह मात्र जुनंच राहिलं.

मराठी वृत्तपत्रांनी या बातमीला फारशी जागा दिली नाही. शेजारच्या राज्याचं भांडण, आपला काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण मराठवाड्याच्या माणसाला, त्यातही पूर्णेसारख्या गावातल्या माणसाला, असं म्हणता येत नाही. पूर्णा जंक्शन आजही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद-मनमाड मार्ग झाला, तो निजामाच्या रेल्वेचा. पुढे पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा गेला, तोही तिचाच. दवाखाना, नोकरी, लग्नाचा बस्ता, दर्ग्याची जियारत, कुठल्याही निमित्तानं इथला माणूस हैदराबादेला जातो. सव्वादोनशे वर्षं या गावावर जो सरकारी शिक्का चालला, तो त्याच शहरातून यायचा. म्हणून हा वाद आपल्याही इतिहासाचा आहे.

शब्दांपासून सुरुवात

मराठीत राजचिन्हांसाठी आपण कोणते शब्द वापरतो, ते पाहा. शिक्का अरबी. मोहोर फारसी. निशाण फारसी. शिक्कामोर्तब या शब्दातला मोर्तबही अरबीतून आलेला. शिवकाळात पत्राच्या शेवटी उमटणाऱ्या छोट्या मुद्रेला मोर्तब म्हणत. मराठ्यांच्या जरीपटक्यातली जरीसुद्धा फारसी आहे. मुद्रा हा शब्द संस्कृत. हे सगळे शब्द एकाच दफ्तरात शेजारी शेजारी नांदले आणि ते कुठून आले हे कुणी विचारत बसलं नाही.

नाण्यांचंही तसंच होतं. शिवाजी महाराजांनी १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई आणि होन नागरी लिपीत पाडले. ती एका नव्या सार्वभौम राज्याची घोषणा होती. पुढे पेशवाईच्या काळात मात्र मराठ्यांच्या अनेक टांकसाळींत चांदीचा रुपया फारसी अक्षरांत, दिल्लीच्या बादशहाच्या नावानं पडत राहिला. शाह आलमचं नाव आणि शेजारी अंकुशाची खूण, असा पुण्याचा अंकुशी रुपया प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या बादशहाची सत्ता तेव्हा नावापुरती होती, हे मराठ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी नाव ठेवलं, कारण बाजाराचा त्या छापावर भरवसा होता. सराफ चांदीचा कस बघायचा, बादशहाचा धर्म बघत नसे. ईस्ट इंडिया कंपनीनंही हेच केलं. १८३५ साली चौथ्या विल्यमचा चेहरा असलेला रुपया येईपर्यंत तिच्या नाण्यांवर शाह आलमचं नाव होतं.

हैदराबादचे निजामही १८५७च्या उठावापर्यंत मोगल बादशहाच्या नावानं नाणी पाडत होते. बहादूरशाह जफरची सत्ता संपली तेव्हा ते नाव गेलं. विसाव्या शतकात यंत्रावर पाडलेला सुबक रुपया आला. त्यावर चारमिनारचं चित्र होतं आणि चारमिनारच्या कमानीत एक अक्षर. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर ‘मीम’, सातवे मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात जो ‘हाली’ रुपया यायचा, तो हाच. इंग्रजांचा रुपया ‘कलदार’. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. निजामाच्या हद्दीत हाली चालायचा आणि हद्द ओलांडली की कलदार मोजावा लागायचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. चारमिनार निजामानं बांधलेला नाही. तो १५९१चा, कुतुबशाही सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह याचा. आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष मीर कमरुद्दीन १७२४ला दख्खनचा मालक झाला, तेव्हा चारमिनार सव्वाशे वर्षांहून जुना होता. निजामानं त्याच्या कमानीत आपलं अक्षर बसवलं, एवढंच. म्हणजे तोही आयत्या चिन्हावर आपला हक्क सांगत होता. प्रत्येक सत्ता हेच करते.

निजामाच्या स्वतःच्या निशाणाची गोष्ट वेगळी आणि ती थेट मराठवाड्याशी जोडलेली आहे. पिवळ्या झेंड्यावर मधोमध एक पांढरी गोल चकती असायची. ती म्हणजे कुलचा. आख्यायिका अशी की, औरंगाबादचे सूफी हजरत निजामुद्दीन यांनी भुकेल्या मीर कमरुद्दीनला पिवळ्या कापडात बांधलेले कुलचे खायला दिले. त्यानं सात खाल्ले. तेव्हा सात पिढ्या राज्य करशील, असा आशीर्वाद त्याला मिळाला. खरंखोटं आख्यायिकेलाच माहीत. पण एका राजघराण्यानं तलवार किंवा वाघ न घेता फकिराच्या हातची भाकर निशाणावर मिरवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या घराण्याच्या अखेरच्या काळातल्या कारभारानं त्या भाकरीची लाज राखली नाही, हेही तितकंच खरं.

१९४८नंतरची शांतता

१७ सप्टेंबर १९४८ला निजामानं शरणागती जाहीर केली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. पिवळं निशाण उतरलं, तिरंगा चढला. पण सगळी चिन्हं एका रात्रीत बदलली, असं मात्र झालं नाही. २६ जानेवारी १९५०ला सारनाथचे सिंह देशाचं राजचिन्ह झाले. त्याच दिवसापासून उस्मान अली खान हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते आणि १९५६पर्यंत राहिले. त्यांच्या नावाचा ‘ऐन’ असलेला हाली रुपयाही काही वर्षं भारतीय रुपयाच्या जोडीनं चालला. तो पुरता बंद झाला १९५९ला. म्हणजे कितीतरी काळ एकाच कनवटीला चारमिनार आणि अशोकाचे सिंह एकत्र होते. निजामाची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वेत गेली. २ ऑक्टोबर १९६६ला दक्षिण मध्य रेल्वे झाली. डब्यांवरची अक्षरं दोनदा बदलली. गाडी तीच राहिली.

या बदलांवर लोकांची प्रतिक्रिया काय होती? हिंदू समाजात, स्वातंत्र्यसैनिकांत आनंद होता आणि तो रास्त होता. रझाकारांचे अत्याचार ताजे होते. ज्या शिक्क्याखाली ते झाले, तो शिक्का जाणं ही मुक्तीची खूण होती.

मुसलमानांची प्रतिक्रिया मात्र कुठे नोंदलेली दिसत नाही. त्याचं कारण चिन्हावरच्या प्रेमात किंवा द्वेषात शोधू नये. पोलिस कारवाईनंतर जे घडलं त्याची पाहणी करायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अंदाजाप्रमाणे राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड होते. नांदेड म्हणजे पूर्णेहून गाडीनं हाकेच्या अंतरावर. ज्या घरात कर्ता पुरुष परत आला नाही, त्या घरानं नाण्यावरच्या अक्षराची काय चिंता करावी? तिथे रडायचीही भीती होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निजामाचा मुकुट म्हणजे मुसलमानांची अस्मिता, हे समीकरण त्या काळीही सगळ्या मुसलमानांना मान्य नव्हतं. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहिलं. ऑगस्ट १९४८मध्ये त्यांना भर रस्त्यात मारलं गेलं. शायर मखदूम मोहिउद्दीन तेलंगणाच्या शेतकरी लढ्यात निजामाविरुद्ध उभे होते. ही नावं आपल्या मुलांना माहीत नसतात. म्हणून मग कुणी निजामाबद्दल वाईट बोललं की आपल्यालाच बोलतंय, असं त्यांना वाटतं.

न झालेला वाद

१९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. महाराष्ट्र शासनाची मुद्रा आपण सातबाऱ्यापासून शाळेच्या कागदांपर्यंत रोज बघतो. मध्ये समई, भोवती कमळं आणि कडेला संस्कृत वचन. हे वचन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलंय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. एक बदल मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतो. मूळ मुद्रेत ‘शाहसूनोः’ म्हणजे शहाजीचा पुत्र, आणि पुढे शिवाजीचं नाव आहे. शासनाच्या मुद्रेत त्या जागी महाराष्ट्र राज्याचं नाव घातलंय.

बदल योग्यच होता. राजा गेला, राज्य लोकांचं झालं. मग मुद्राही राज्याच्या नावानं हवी. पण त्या गाळलेल्या शब्दातला इतिहास आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. म्हणजे महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत एका सूफी पिराच्या नावाचा अंश आहे. त्या मुद्रेनं कधी तो लपवला नाही. २ सप्टेंबर २०२२ला भारतीय नौदलाचं नवं निशाण आलं. सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवमुद्रेचा अष्टकोन आला. आपल्याकडे त्याचं स्वागत झालं. त्या अष्टकोनाच्या मागे जी मुद्रा आहे, तिच्यात शाह शरीफही आहेत, हे या निमित्तानं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नौदलाच्या निशाणाची आणखी एक कथा आहे. तो क्रॉस २००१लाच काढला होता. पण निळं बोधचिन्ह आभाळ आणि समुद्राच्या निळाईत ओळखू येईना, म्हणून २००४ला क्रॉस परत आणावा लागला. चिन्ह बदलताना भावनेइतकंच कामाचंही बघावं लागतं, याचा हा साधा दाखला.

सिंहांचा जबडा

११ जुलै २०२२ला नव्या संसद भवनाच्या माथ्यावरच्या सिंहांचं अनावरण झालं आणि देशभर वाद पेटला. सारनाथचे सिंह शांत, धीरगंभीर आहेत. हे मात्र दात विचकणारे, रागीट वाटतात, असं अनेकांनी म्हटलं. या शिल्पाचं काम करणाऱ्यांत औरंगाबादचे शिल्पकार सुनील देवरे होते, म्हणजे आपल्या मराठवाड्याचे. त्यांचं म्हणणं होतं की, मूळ शिल्पात काहीही बदललेलं नाही. सारनाथचं शिल्प दीड-पावणेदोन मीटर उंचीचं, हे साडेसहा मीटरचं. शिवाय ते खालून बघितलं जातं, म्हणून वेगळं दिसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. छाप कशी पडते हे बघणाऱ्याच्या मनावर असतं, असा त्याचा आशय होता.

न्यायालयाचं म्हणणं कायद्यापुरतं बरोबर असेल. पण बघणाऱ्याचं मन हवेत तयार होत नाही. पूर्णेतल्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला ते सिंह अशोकाचे आणि धम्माचे वाटतात. ज्याच्या घरावर बुलडोझर येऊन गेला, त्याला सरकारी चिन्हाचा उघडा जबडा वेगळा दिसणार. चिन्ह ही काही निव्वळ नक्षी नव्हे, हे परभणी जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. १० डिसेंबर २०२४ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. ती काच आणि सिमेंटसाठीची लढाई नव्हती.

उस्मानियाचा मुकुट

हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८चं. उर्दू या देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारं ते पहिलं आधुनिक विद्यापीठ. मराठवाड्यातली कितीतरी हुशार मुलं तिथे शिकली. औरंगाबादचं इंटरमिजिएट कॉलेजही त्यालाच जोडलेलं होतं. विद्यापीठाच्या मूळ बोधचिन्हात निजामाचा मुकुट होता आणि पैगंबरांना ज्ञानाचं शहर व हजरत अलींना त्याचा दरवाजा म्हणणारी हदीस होती. स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचं माध्यम बदललं आणि चिन्हही बदललं. मुकुट गेला. तेलुगू आणि संस्कृत अक्षरं आली. अलीकडे सोशल मीडियावर जुनं चिन्ह फिरतं आणि ते परत आणा, अशी मागणी होते.

माझं मत सांगतो. मुकुट जायलाच हवा होता. लोकशाहीत विद्यापीठाच्या डोक्यावर राजाचा मुकुट कशाला? याच संस्थेशी जोडलेल्या औरंगाबादच्या कॉलेजात १९३८ला ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि त्यांना शिकायला नागपूर गाठावं लागलं. त्या मुलांना तो मुकुट कसा दिसला असेल, याचा विचार आपणही केला पाहिजे. पण मुकुट आणि हदीस या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक सत्तेची खूण, दुसरी ज्ञानाची. एकीबरोबर दुसरीही गेली, आणि तेलुगू व संस्कृतसोबत ती तिथे का राहू शकत नव्हती, हे कुणी विचारलं नाही. हळहळ वाटते ती त्याची.

तेलंगणात काय वेगळं घडलं?

आता पुन्हा २०२४कडे येऊ. तेलंगणाचं बोधचिन्ह २ जून २०१४चं, राज्य झालं त्याच दिवसाचं. चित्रकार लक्ष्मण एले यांनी ते काढलं. हिरवं वर्तुळ, मध्ये वारंगळची काकतीय कमान, कमानीत चारमिनार, वर सारनाथचे सिंह. राज्याचं नाव तेलुगू, इंग्रजी आणि उर्दूत. डिसेंबर २०२३ला काँग्रेसचं सरकार आलं. मुख्यमंत्री रेवंत रेड्डी म्हणू लागले की, ही राजेशाहीची चिन्हं आहेत. लोकांच्या लढ्यातून झालेल्या राज्याचं चिन्ह त्या लढ्याचं हवं. नव्या चिन्हात हुतात्मा स्मारक असेल, असं बोललं जाऊ लागलं.

हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. तेलंगणात सम्मक्का-सारलम्मा या आदिवासी मायलेकींची कथा घराघरात आहे. काकतीय राजाच्या करवसुलीविरुद्ध लढताना त्या गेल्या, असं ती सांगते. मेडारमला त्यांची मोठी जत्रा भरते. त्यांना मानणाऱ्या माणसाला काकतीय कमान म्हणजे छळणाऱ्याची कमान वाटू शकते. १९६९च्या आंदोलनात गोळ्या खाल्लेल्या तरुणांच्या स्मारकालाही चिन्हात जागा मागता येते.

तरी लोक बिथरले. त्याचं एक कारण म्हणजे चर्चा उघडपणे झाली नाही. अधिकृत काही हाती नसताना नमुने फिरू लागले. राज्याच्या एसटीचं, म्हणजे आरटीसीचं, नाव बदललं तेव्हा चारमिनार आणि कमान नसलेलं एक बोधचिन्ह सोशल मीडियावर पसरलं. ते आपलं नाहीच, नवं चिन्ह अजून ठरलेलं नाही, असा खुलासा महामंडळाला करावा लागला. माहिती नसली की तिची जागा अफवा घेते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एकटा चारमिनार काढायचं ठरलं असतं तर काय झालं असतं? हैदराबादच्या जुन्या शहरातून ओरड झाली असती, टीव्हीवर हिंदू-मुस्लिम चर्चा झाली असती आणि मुसलमानांना निजामाची आठवण येते, असा निकाल लागला असता. पण २०१४च्या चिन्हात चारमिनार कमानीच्या आत होता. एकाला हात लावला की दुसऱ्याला लागत होता. म्हणून वारंगळचा माणूस आणि पत्थरगट्टीचा माणूस एकाच मागणीसाठी उभे राहिले. विरोध करणारे मुख्यतः विरोधी पक्षाचे होते आणि त्यात राजकारण होतंच. पण सरकारला थांबावं लागलं, कारण हा विरोध एका समाजाचा म्हणून बाजूला सारता येईना.

आपण काय घ्यायचं?

मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत शहरांची, जिल्ह्यांची नावं बदलली. पुढे पाट्या, शिक्के, कमानी, चौकातली बोधचिन्हं बदलत राहतील. प्रत्येक वेळी आपल्यासमोर दोन सोपे रस्ते असतात. एक, चिडून निजामाचं समर्थन करायचं. दोन, घाबरून गप्प बसायचं. १९४८नंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी गप्प बसणं निवडलं नव्हतं, ते त्यांच्यावर आलं होतं. आज तशी वेळ नाही.

तिसरा रस्ता थोडा मेहनतीचा आहे. नगरपालिका असो, विद्यापीठ असो की राज्य सरकार, चिन्ह बदलायचं असेल तर मसुदा आधी लोकांसमोर ठेवा, हरकती मागवा, काय काढलं आणि का काढलं ते लिहून सांगा, असा आग्रह धरायचा. जमिनीचा आराखडा बदलताना हरकतींची मुदत असते. शिक्का बदलताना का नसावी? आणि हरकत घ्यायची तर ती अभ्यास करून घ्यायची. मुकुट आणि मिनार यांतला फरक आधी आपल्याला कळला पाहिजे, मग तो दुसऱ्याला सांगता येईल. मुकुटासाठी भांडायचं कारण नाही. चारमिनार, शाह शरीफ, औरंगाबादच्या फकिराचा कुलचा हा मात्र सगळ्या दख्खनचा ठेवा आहे, आणि तो एकट्या मुसलमानांचा नाही हे ठामपणे म्हणण्यातच त्याचं रक्षण आहे.

तेलंगणाचं सरकार पुन्हा कधीतरी नवं बोधचिन्ह आणेल. त्यात हुतात्म्यांना जागा मिळावी, सम्मक्का-सारलम्मांनाही मिळावी. जागा वाढवायला कुणाची ना नाही. फक्त एकाला बसवण्यासाठी दुसऱ्याला उठवू नये, एवढंच मागणं आहे. पूर्णेहून सिकंदराबादेला जाणाऱ्या माणसाचं ते मागणं वारंगळच्या माणसालाही आपलंच वाटेल, याबद्दल मला शंका नाही.